गेलेले चेहरे परत देणारा शल्यविशारद

पहिल्या महायुद्धाने माणसाच्या चेहऱ्यावर जेवढे घाव घातले, तेवढे त्यापूर्वीच्या कोणत्याही युद्धाने घातले नव्हते. पश्चिम आघाडीवरचे सैनिक महिनोन्‌महिने खंदकात उभे असत. छाती, पोट, पाय मातीआड सुरक्षित राहत; पण पलीकडचा अंदाज घेण्यासाठी डोके वर काढले की बंदुकीची गोळी किंवा तोफगोळ्याची कपची थेट चेहऱ्यावर येई. कुणाचा खालचा जबडा उडून जाई, कुणाचे नाक नाहीसे होई, कुणाचा गाल टाळूपर्यंत फाटे. पूर्वी असे जखमी रणांगणावरच दगावत. आता जंतुनाशक उपचार आणि रुग्णवाहिका यांमुळे त्यांतील अनेक जण वाचू लागले होते. मात्र वाचलेल्या या माणसांनी पुढे खायचे कसे, बोलायचे कसे आणि घरी परतल्यावर पोराबाळांसमोर उभे राहायचे कसे, याचे उत्तर तेव्हाच्या वैद्यकशास्त्रापाशी नव्हते. ते उत्तर शोधण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्या सर हॅरॉल्ड गिलीज यांना आज आधुनिक प्लास्टिक सर्जरीचे जनक म्हणून ओळखले जाते. जबड्याची ठेवण सुधारण्यासाठी आज ज्या शस्त्रक्रिया होतात, त्यांची एक महत्त्वाची वाटही त्यांच्याच शस्त्रक्रियागृहातून गेलेली आहे.

गिलीज यांचा जन्म १७ जून १८८२ रोजी न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे झाला. आठ भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील रॉबर्ट गिलीज न्यूझीलंडच्या प्रतिनिधिगृहाचे सदस्य राहिलेले आणि हौशी खगोल-अभ्यासक होते. पण हॅरॉल्ड अगदी लहान असतानाच त्यांचे छत्र हरपले. लहानपणी घरातल्या जिन्याच्या कठड्यावरून घसरताना हॅरॉल्ड यांच्या उजव्या कोपराचे हाड मोडले आणि तो सांधा कायमचा आखडला. पुढे ज्या हाताने अतिशय नाजूक टाके घातले, तो हात असा अधू होता, ही गोष्ट विसरता येण्याजोगी नाही. या व्यंगाने त्यांच्या खेळात मात्र कधी अडथळा आणला नाही. वाँगानुई येथील शाळेत ते क्रिकेटच्या संघाचे कर्णधार होते. केंब्रिजला गेल्यावर १९०४च्या ऑक्सफर्ड-केंब्रिज नौकाशर्यतीत त्यांनी वल्हे मारले आणि गोल्फमध्ये तर त्यांनी पुढे इंग्लंडचे प्रतिनिधित्व केले.

लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयात वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून १९१० मध्ये ते रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे फेलो झाले. कान, नाक आणि घसा ही त्यांची शाखा. १९११ मध्ये त्यांचा विवाह झाला. नामांकित डॉक्टरांच्या हाताखाली व्यवसाय, श्रीमंत रुग्ण आणि सुट्टीच्या दिवशी गोल्फ, असे एकंदर सुखासीन आयुष्य समोर दिसत होते. १९१४ मध्ये युद्ध पेटले आणि हे चित्र पालटले.

१९१५ मध्ये रेडक्रॉसच्या माध्यमातून गिलीज फ्रान्सला गेले. बुलोन शहराजवळच्या विमरो येथे त्यांची गाठ चार्ल्स व्हॅलाडिए या विलक्षण दंतवैद्याशी पडली. या गृहस्थांनी आपल्या रोल्स-रॉइस मोटारीतच दातांचा दवाखाना थाटला होता आणि फुटलेले जबडे जोडण्याचे काम ते मोठ्या उमेदीने करीत होते. व्हॅलाडिए यांना स्वतंत्रपणे शस्त्रक्रिया करण्याची मुभा नसल्याने त्यांच्यासोबत एखादा डॉक्टर असणे आवश्यक होते. ते काम गिलीज यांच्याकडे आले. त्याच सुमारास जर्मन शल्यचिकित्सक लिंडेमान यांचे जबड्याच्या जखमांवरील लेखन त्यांच्या हाती पडले. शत्रुराष्ट्र या विद्येत किती पुढे गेले आहे, हे त्यातून त्यांना उमगले. पुढे पॅरिसमध्ये हिपोलित मोरेस्टँ यांना त्यांनी शस्त्रक्रिया करताना पाहिले. चेहऱ्यावरची कर्करोगाची गाठ काढून शेजारच्याच त्वचेने ते भगदाड बुजवण्याचे मोरेस्टँ यांचे कौशल्य पाहून गिलीज भारावले. दुसऱ्यांदा गेल्यावर मात्र त्या लहरी शल्यविशारदाने त्यांना दारातूनच परत पाठवले. पण तोवर ठिणगी पडलेली होती.

चेहऱ्याच्या जखमींसाठी स्वतंत्र रुग्णालय हवे, असा आग्रह गिलीज यांनी लष्करी अधिकाऱ्यांकडे धरला. १९१६च्या आरंभी ऑल्डरशॉट येथील केंब्रिज लष्करी रुग्णालयात त्यांना वॉर्ड मिळाला. जखमींना नेमके कुठे धाडायचे हे आघाडीवरच्या डॉक्टरांना कळावे म्हणून त्यांनी पदरमोड करून पत्त्याच्या चिठ्ठ्या विकत घेतल्या आणि युद्धखात्यामार्फत त्या फ्रान्सला रवाना केल्या. काही दिवसांतच त्या चिठ्ठ्या कपड्यांना अडकवलेले जखमी ऑल्डरशॉटला येऊ लागले. १ जुलै १९१६ रोजी सोमची लढाई सुरू झाली. दोनशे खाटांची तयारी असताना सुमारे दोन हजार जखमी येऊन दाखल झाले. ऑल्डरशॉट अपुरे पडणार हे तेव्हा स्पष्ट झाले. १९१७ मध्ये केंटमधील सिडकप येथे केवळ चेहऱ्याच्या आणि जबड्याच्या जखमांसाठी क्वीन्स हॉस्पिटल उभे राहिले. ब्रिटिशांबरोबरच कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची शल्यपथके तेथे काम करू लागली. १९२५ पर्यंत तेथे पाच हजारांहून अधिक सैनिकांवर अकरा हजारांवर शस्त्रक्रिया झाल्या.

गिलीज यांचे वेगळेपण जबड्याच्या जखमांमध्ये विशेष दिसून आले. तोपर्यंतची पद्धत सोपी होती. हाड गेले असले तरी जखमेच्या कडा ओढून शिवून टाकायच्या. जखम भरे, पण आतला व्रण आकसत जाई, हनुवटी आत ओढली जाई, तोंड उघडेनासे होई आणि माणूस आयुष्यभर पातळ पदार्थांवर जगे. गिलीज यांनी हा क्रमच उलटा केला. जे ऊती-अवयव शिल्लक आहेत ते आधी त्यांच्या मूळ जागी न्यायचे, तिथेच स्थिर करायचे आणि मग काय गमावले आहे याचा हिशेब मांडायचा. तोंडाच्या आतले अस्तर आधी, मग हाडाचा आधार आणि सर्वांत शेवटी त्वचा, हा त्यांचा दंडक होता. घर बांधताना पाया आणि भिंती सोडून आधी रंगकाम कुणी करीत नाही, तसेच हे.

या कामात त्यांचे उजवे हात होते दंतशल्यचिकित्सक विल्यम केल्सी फ्राय. दोघांनी कामाची वाटणीच करून घेतली होती. हाडे आणि दात फ्राय यांच्याकडे, मऊ ऊती गिलीज यांच्याकडे. जबड्याचे तुकडे योग्य जागी आले आहेत की नाहीत, हे ओळखायचे कसे? तर दातांवरून. वरचे आणि खालचे दात एकमेकांवर नीट बसले की हाड जागेवर आले असे समजायचे, दातांना धातूच्या पट्ट्या बांधून ती स्थिती टिकवायची आणि उरलेली पोकळी बरगडीच्या किंवा कमरेच्या हाडाचा तुकडा बसवून भरायची. दातांचा मेळ हाच जबड्याचा नकाशा, हे सूत्र आजही जबड्याच्या प्रत्येक शस्त्रक्रियेत पाळले जाते. आणखी एक साधा धडा त्या काळात अनेक प्राण गमावून मिळाला. जबडा फुटलेल्या जखमीला उताणे झोपवले तर जीभ मागे पडून आणि रक्त घशात उतरून तो गुदमरतो. त्याला पुढे वाकवून बसवले किंवा पालथे ठेवले तर तो वाचतो.

सिडकपला येणाऱ्या रुग्णाने कशाची तयारी ठेवायची असे? सर्वप्रथम वेळेची. एक-दोन शस्त्रक्रियांनी भागत नसे. दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये कित्येक आठवडे जात आणि संपूर्ण उपचार अनेकदा वर्षानुवर्षे चालत. जबडा बांधलेला असताना नळीच्या भांड्याने द्रव आहार घ्यावा लागे. वॉर्डांत आरसे ठेवले जात नसत. रुग्णालयापासून गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे काही बाक निळ्या रंगाने रंगवलेले होते. तिथे बसणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून दचकू नये, याची ती गावकऱ्यांना सूचना होती. या मुक्कामात माणसे खचून जाऊ नयेत म्हणून खेळणी बनवणे, कोंबडीपालन यांसारखे उद्योग शिकवले जात. गिलीज स्वतः थट्टेखोर स्वभावाचे होते. त्यांचे हसणे-खिदळणे वॉर्डाला औषधासारखे लागू पडे.

शल्यविशारद असूनही चित्रकार झालेले हेन्री टाँक्स यांच्याकडून गिलीज यांनी रुग्णांच्या चेहऱ्यांची रंगीत खडूंची चित्रे करून घेतली. शस्त्रक्रियेपूर्वीची आणि नंतरची ही चित्रे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहात आहेत. त्यांमधील माणसे दयेची याचना करीत नाहीत, तक्रारही करीत नाहीत. फक्त समोर पाहतात. शस्त्रक्रियेची आखणी नीट करता यावी म्हणून गिलीज स्वतःही चित्रे काढू लागले. हा छंद पुढे इतका वाढला की लंडनमध्ये त्यांच्या चित्रांची प्रदर्शने भरली.

सिडकपची कहाणी केवळ यशाची नाही. लम्ली नावाचा एक तरुण वैमानिक विमान अपघातात भयानक भाजला होता. त्याचा संपूर्ण चेहराच नाहीसा झाला होता. गिलीज यांनी त्याच्या छातीवरची मोठी त्वचा एकाच वेळी चेहऱ्यावर आणण्याचे धाडस केले. शरीराला ते झेपले नाही. त्वचा सडली आणि मार्च १९१८ मध्ये त्या तरुणाचा मृत्यू झाला. हा आघात गिलीज यांच्या मनात खोल रुतला. रुग्णाची प्रकृती आधी सुधारू द्यायला हवी होती आणि काम टप्प्याटप्प्याने करायला हवे होते, हे त्यांनी उघडपणे मान्य केले. जे काम उद्यावर टाकल्याने रुग्णाचे हित होणार आहे, ते आज करायचे नाही, हे तत्त्व त्यांनी त्यानंतर आपल्या प्रत्येक शिष्याच्या मनावर बिंबवले.

त्यापूर्वीच, ३ ऑक्टोबर १९१७ रोजी, त्यांच्या हातून एक महत्त्वाचा शोध लागला होता. जटलंडच्या नौदल लढाईत भाजलेल्या व्हिकरेज या खलाशावर शस्त्रक्रिया सुरू होती. छातीवरून उचललेल्या त्वचेच्या पट्ट्यांच्या कडा आपोआप आतल्या बाजूला वळत असल्याचे गिलीज यांच्या ध्यानात आले. त्यांनी त्या कडा एकमेकींना शिवून टाकल्या आणि त्वचेची बंद नळी तयार केली. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या कृतीने बरेच काही साधले. उघडी कच्ची बाजू झाकली गेल्याने जंतुसंसर्गाचा धोका घटला. प्रतिजैविके उपलब्ध नसलेल्या त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. शिवाय नळीतील रक्तपुरवठा शाबूत राहिला. एक टोक मूळ जागी, दुसरे नव्या जागी. नवी जागा रुजली की पहिले टोक कापून पुढे न्यायचे. अशा रीतीने पोटावरची त्वचासुद्धा मजल-दरमजल करीत चेहऱ्यापर्यंत आणता येऊ लागली. ओडेसाचे नेत्रशल्यविशारद फिलातोव यांनीही जवळपास त्याच काळात स्वतंत्रपणे ही युक्ती शोधली होती. पण तिचा व्यापक वापर सिडकपमध्ये झाला.

भूल देण्याच्या शास्त्रालाही सिडकपने नवे वळण दिले. ज्या चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करायची, त्याच चेहऱ्यावर भुलीचा मुखवटा ठेवायचा कसा, हा मोठाच पेच होता. महायुद्ध संपल्यावर तेथे रुजू झालेले आयव्हन मॅगिल आणि स्टॅन्ली रोबोथम यांनी श्वासनलिकेत थेट नळी घालून भूल देण्याची पद्धत विकसित केली. आज जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत रोज वापरली जाणारी ही पद्धत फुटलेल्या जबड्यांच्या गरजेतून रुळली.

या विद्येचे एक मूळ आपल्याकडे, पुण्यात आहे. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात ब्रिटिश फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा मराठा गाडीवान पकडला गेला आणि त्याचे नाक कापले गेले. १७९३च्या सुमारास पुण्याजवळ कुंभार समाजातील एका जाणकाराने कपाळाची त्वचा वळवून त्याला नवे नाक करून दिले. दोन ब्रिटिश डॉक्टरांनी पाहिलेल्या या शस्त्रक्रियेचा वृत्तांत १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये सचित्र छापून आला. तो वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. सुश्रुताच्या परंपरेतील ही कपाळपट्टीची पद्धत गिलीज यांनीही नाके घडवताना भरपूर वापरली.

युद्ध संपल्यानंतर, १९२० मध्ये, चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जरीवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि या शाखेला शास्त्राची बैठक मिळाली. प्रस्थापित शल्यविशारद मात्र बराच काळ या कामाकडे संशयानेच पाहत होते. सर हा किताब त्यांना १९३० मध्ये, म्हणजे युद्ध संपून बारा वर्षे उलटल्यावर मिळाला. त्याच वर्षी त्यांचे न्यूझीलंडमधील नातलग आर्चिबाल्ड मॅकइंडो त्यांच्याकडे आले. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या वैमानिकांवर उपचार करून मॅकइंडो यांनी स्वतंत्र कीर्ती मिळवली. गिलीज यांनी त्या युद्धात बेसिंगस्टोकजवळच्या रुक्सडाउन हाउस येथे मोठे केंद्र उभारले. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश प्लास्टिक सर्जन संघटनेचे ते पहिले अध्यक्ष झाले. त्याच दशकात मायकेल डिलन या डॉक्टरवर लिंगबदलाच्या शस्त्रक्रिया करण्याचे धैर्यही त्यांनी दाखवले. समाज काय म्हणेल यापेक्षा रुग्णाचे दुःख त्यांना मोठे वाटले.

जबड्याच्या व्यंगसुधारणेच्या इतिहासात गिलीज यांचे नाव आणखी एका कारणाने घेतले जाते. फ्रेंच शल्यविशारद रने ल फोर यांनी १९०१ मध्ये मृतदेहांच्या कवट्यांवर प्रयोग करून चेहऱ्याची हाडे कोणत्या तीन रेषांवर तुटतात हे दाखवले होते. अपघातात जी रेषा तुटते, तीच रेषा मुद्दाम कापली तर चेहरा पुढे आणता येईल का? कवटीचे सांधे अकाली जुळल्यामुळे चेहऱ्याचा मधला भाग खूप मागे राहिलेल्या एका रुग्णावर गिलीज यांनी १९४० च्या दशकात हा प्रयोग केला. वरच्या जबड्यासह गालांची हाडे कवटीपासून सोडवून त्यांनी पुढे आणली. सहकारी हॅरिसन यांच्यासह १९५० मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. कालांतराने हाडे पुन्हा मागे सरकली आणि या शस्त्रक्रियेचा नाद गिलीज यांनी सोडून दिला. पण दरवाजा किलकिला झाला होता. फ्रान्सच्या पॉल टेसिए यांनी हाच धागा पकडून पुढे कवटी आणि चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेचे संपूर्ण दालन उघडले.

गिलीज यांच्या सहवासात शिकलेल्यांत ऑस्ट्रियाचे ह्यूगो ओबवेगेसर हेही होते. खालचा जबडा तोंडाच्या आतून उभा चिरून पुढे-मागे सरकवण्याची पद्धत त्यांनी आपले गुरू ट्राउनर यांच्यासह १९५७ मध्ये प्रसिद्ध केली. १९७० च्या सुमारास दोन्ही जबडे एकाच वेळी हलवण्यापर्यंत त्यांनी मजल मारली. आज पुण्या-मुंबईच्या रुग्णालयांत पुढे आलेला किंवा मागे राहिलेला जबडा सुधारून घेणाऱ्या तरुण-तरुणींवर याच पद्धती वापरल्या जातात.

आजच्या रुग्णाचा प्रवास सिडकपच्या मानाने खूपच सुकर आहे; पण त्याच्या पायऱ्या ओळखीच्या वाटतील अशाच आहेत. हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत सहसा थांबावे लागते. आधी सुमारे वर्षभर तारा लावून दात रांगेत आणले जातात, कारण दातांचा मेळ हाच आजही नकाशा आहे. संपूर्ण भूल दिली जाते, तीही बहुधा नाकातून श्वासनलिकेत घातलेल्या नळीने. छेद तोंडाच्या आतून घेतला जात असल्याने चेहऱ्यावर व्रण सहसा दिसत नाही. हाडे टायटॅनियमच्या बारीक पट्ट्यांनी आणि स्क्रूंनी जोडली जातात. त्यामुळे जबडा अनेक आठवडे तारांनी घट्ट बांधून ठेवण्याची वेळ आता क्वचितच येते. पहिले दोन-तीन दिवस सूज वाढते, मग हळूहळू ओसरते. पूर्ण उतरायला काही महिने लागतात. सुरुवातीला पातळ आणि मग मऊ आहार घ्यावा लागतो. हाड जुळायला साधारण सहा आठवडे जातात. खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते. बहुतेकांची संवेदना परतते, काहींच्या बाबतीत थोडा बधिरपणा कायमचा राहतो. हे धोके आधी समजावून घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. आरशातला नवा चेहरा आपला वाटायलाही वेळ लागतो, हे सिडकपच्या वॉर्डात जेवढे खरे होते, तेवढेच आजही आहे.

महाराष्ट्राशी गिलीज यांचा आणखी एक धागा जुळतो, तो मुंबईचे डॉ. नोशीर अँटिया यांच्यामुळे. इंग्लंडमध्ये गिलीज यांच्या हाताखाली शिकून ते मायदेशी परतले. पुण्याच्या कोंढव्यात कुष्ठरुग्णांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. कुष्ठरोगात नाक बसते ते बाहेरची त्वचा गेल्यामुळे नव्हे, तर आतले अस्तर आकसल्यामुळे. म्हणून अस्तर आधी, हा गिलीज यांचा दंडक येथे तंतोतंत लागू पडला. आतून त्वचेचे अस्तर देऊन नाक उभे करण्याची गिलीज यांची पद्धत डॉ. अँटिया यांनी समाजाने दूर लोटलेल्या माणसांसाठी वापरली. सैनिकांसाठी घडलेली विद्या अशी कुष्ठरुग्णांच्या कामी आली.

गिलीज अखेरपर्यंत काम करीत राहिले. राल्फ मिलार्ड यांच्यासह लिहिलेला प्लास्टिक सर्जरीची तत्त्वे आणि कला यांवरील त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ते पंचाहत्तर वर्षांचे होते. ऑगस्ट १९६० मध्ये एका अठरा वर्षांच्या मुलीच्या जायबंदी पायावर शस्त्रक्रिया करीत असतानाच त्यांना मेंदूतील रक्तवाहिनीच्या विकाराचा झटका आला. १० सप्टेंबर १९६० रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या हातून सगळेच चेहरे पूर्ववत झाले नाहीत, तशी बढाई त्यांनी कधी मारलीही नाही. चेहरा हा नटण्या-मुरडण्याचा विषय नसून माणसाने माणसांत वावरण्याचा परवाना आहे, एवढे मात्र त्यांनी वैद्यकशास्त्राला पटवून दिले. जबड्याच्या किंवा ओठाच्या व्यंगामुळे तोंडावर हात धरून बोलणारे एखादे मूल शस्त्रक्रियेनंतर मोकळेपणाने हसते, तेव्हा त्या हसण्यात गिलीज यांचा वाटा असतो.